चीनहून कधीच परत न आलेल्या डॉ. कोटणीसांचं नाव सुया आणि करंटच्या उपचाराला कसं जोडलं गेलं?

सातारा असो नाहीतर सांगली, ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही गावात जा. कंबर धरलीय, गुडघा वाकत नाही, मान अवघडलीय अशी तक्रार असलेलं माणूस घरटी एक तरी सापडतं. मग तालुक्याच्या गावाला फिजिओथेरपीला जायचं, पलंगावर पालथं पडायचं, कमरेला चार पट्ट्या चिकटवून घ्यायच्या आणि पंधरा-वीस मिनिटं मुंग्या आल्यासारखं होत पडून राहायचं. घरी आल्यावर कुणी विचारलं तर सांगायचं, करंट घेऊन आलो.

आता हीच मशीन हातात मावेल एवढ्या डबीत मिळते. मोबाईल उघडला की जाहिरात समोर. गोळी नको, इंजेक्शन नको, साईड इफेक्ट नाही, वेदना गायब.

याच घराण्यातला दुसरा प्रकार म्हणजे इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर. यात अंगात बारीक सुया टोचतात आणि त्या सुयांना वायर जोडून हलका करंट सोडतात. या सुयांचा विषय निघाला की आपल्या शेजारच्या सोलापूरच्या एका डॉक्टरांचं नाव हमखास निघतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. पंजाबात लुधियानामध्ये त्यांच्या नावाचं ॲक्युपंक्चर हॉस्पिटल आहे. कोलकात्यात ॲक्युपंक्चर रुजलं तेही त्यांच्या नावाच्या स्मृती समितीच्या आधारानं.

त्यामुळं बऱ्याच जणांचा असा समज होतो की कोटणीस चीनला गेले, तिथं ही विद्या शिकले आणि भारतात घेऊन आले.

यातला चीनला गेले एवढा भाग पक्का आहे. घेऊन आले हा भाग मात्र शक्यच नाही, कारण ते परत आलेच नाहीत. वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते चीनमध्येच गेले, आणि तेव्हा सुयांना करंट देऊन ऑपरेशन करण्याची पद्धत सुरूही झालेली नव्हती.

मग त्यांचं नाव तिथं आलं कसं? त्यासाठी आधी त्यांची गोष्ट बघावी लागेल.

सोलापूरचा पोरगा डॉक्टर झाला

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. घर मध्यमवर्गीय, त्यातही हात राखून खर्च करणारं. वडिलांचं नाव शांताराम. भावंडं बरीच.

त्या काळातलं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. आणि नुसत्या गिरण्यांचं नाही, तर चळवळीचंही. १९३० साली गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिली. कोटणीस तेव्हा विशीत होते. त्यांच्या पिढीला राजकारण पुस्तकातून शिकायची गरज पडली नाही.

डॉक्टर व्हायचं म्हणून ते मुंबईला गेले. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये, म्हणजे आपण ज्याला केईएमचं कॉलेज म्हणतो तिथं शिकले. डॉक्टरकी पूर्ण झाली आणि पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू झाली. सरळ रेषेत जायचं असतं तर मोठी पदवी, मुंबईत नाहीतर सोलापुरात दवाखाना, असं सगळं ठरल्यासारखं होतं.

तेवढ्यात १९३८ साल उजाडलं.

पाच डॉक्टर, एक बोट

१९३७ च्या जुलैमध्ये जपाननं चीनवर मोठा हल्ला चढवला होता. चीनकडं माणसं होती, पण डॉक्टर आणि औषधं नव्हती. चिनी सेनापती जू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडं मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी जून १९३८ मध्ये लोकांना आवाहन केलं. आपला देश स्वतःच गुलामीत, तरीही सुमारे २२ हजार रुपये जमले. एक रुग्णवाहिका मिळाली. आणि पाच डॉक्टर तयार झाले.

प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल, जे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर. कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस, वय वर्षं २७.

यातलं बसू हे नाव लक्षात ठेवा. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडं आहे.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. हाँगकाँग, कँटन करत हे पाचजण हँकौला पोहोचले. पुढं युद्ध सरकेल तसं तेही सरकत गेले. चीनमध्ये प्रत्येकाला चिनी नाव मिळालं आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हा शब्द जोडला गेला. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं झालं के दिहुआ.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी कोटणीसांना कळली. घरी परतायला यापेक्षा मोठं कारण नसतं. ते थांबले.

१९३९ च्या सुरुवातीला हे पथक येनानला पोहोचलं, जिथं माओ आणि त्यांच्या साथीदारांचा तळ होता. तिथून पुढं कोटणीस आणि बसू उत्तरेकडच्या डोंगराळ आघाडीवर गेले. इतर तिघं प्रकृती आणि इतर कारणांनी एकेक करून भारतात परतले.

औषध नको, की औषधच नाही?

आता इथं थोडं थांबू, कारण आपला विषय वेदनेचा आहे आणि कोटणीसांचं रोजचं काम वेदनेशीच होतं.

उत्तर चीनमधला तो भाग जपान्यांनी जवळजवळ कोंडून ठेवलेला. औषधांची आवक तुटपुंजी. भूल द्यायचं औषध, जंतुनाशक, बँडेज, रबरी हातमोजे सगळ्याचीच टंचाई. कोटणीसांच्या आधी याच भागात काम करणारे कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून ऑपरेशन करताना बोट कापून घेऊन बसले. जखमेत विष पसरलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. डॉक्टरांचे हे हाल, तर जखमी सैनिकांचं काय होत असेल याचा अंदाज करा.

साताऱ्या-सांगलीच्या वाचकांना एक गोष्ट जवळची वाटेल. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हा लांबलांबून माणसं बैलगाडीनं ऑपरेशनला यायची. हे शक्य झालं, कारण पोट उघडायच्या आधी माणसाला बेशुद्ध करणारं औषध जगात आलेलं होतं. आधुनिक शस्त्रक्रियेचा पायाच भूल आहे. तो पाया कोटणीसांच्या पायाखालून वारंवार सरकत होता.

१९४० मध्ये मोठी लढाई झाली. कोटणीस सलग ७२ तास न झोपता ऑपरेशन करत राहिले आणि त्या लढाईत त्यांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आवर्जून केली जाते.

आज आपण विनाऔषध उपचार हा शब्द ऐकतो तेव्हा काहीतरी चांगलं, नैसर्गिक, सुरक्षित असं डोळ्यासमोर येतं. कोटणीसांच्या समोरच्या सैनिकासाठी विनाऔषध या शब्दाचा अर्थ होता, ओरडत पडून राहणं. औषध नको असणं आणि औषधच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पुढं आपल्याला उपयोगी पडणार आहे.

संसार, शिकवणं आणि आजार

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांना बेथ्यून यांच्याच नावानं चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक केलं गेलं. हे रुग्णालय म्हणजे मोठी इमारत वगैरे समजू नका. आघाडी हलली की रुग्णालय हलायचं.

कोटणीस चिनी भाषा बोलायला शिकले, लिहायलाही शिकले. तिथल्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी पुस्तक लिहायला घेतलं.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख गुओ छिंगलान या नर्सशी झाली. त्या नर्सिंग शिकवायच्या. १९४१ च्या शेवटी दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण कोटणीसांना स्वतःला फिट्स येत होत्या. एपिलेप्सी, आपल्याकडं ज्याला अपस्मार किंवा फेफरं म्हणतात ते. कामाचा ताण, झोप नाही, खायची आबाळ. बाहेर जाऊन उपचार घ्या असं त्यांना सांगितलं गेलं, पण त्यांनी जागा सोडली नाही.

९ डिसेंबर १९४२ ला त्यांचं निधन झालं. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

जाता जाता एक गोष्ट. फिट म्हणजे नेमकं काय होतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक लहरींतून बोलतात. त्या लहरी एकदम, एकाच वेळी, ताबा सुटल्यासारख्या उसळल्या की फिट येते. म्हणूनच आज करंटच्या मशीनसोबत जी माहितीपत्रिका येते, त्यात फिट्स येणाऱ्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वापरू नये अशी सूचना असते. म्हणजे ज्या कोटणीसांचं नाव या उपचारांच्या आसपास घेतलं जातं, त्यांना स्वतःला ही मशीन कुणी सहज लावली नसती.

नाव मोठं होत गेलं

कोटणीस गेले आणि त्यांची गोष्ट सुरू झाली.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यावरून १९४६ मध्ये कोल्हापूरच्या मातीतल्या व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा सिनेमा काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, पत्नीची भूमिका जयश्री यांनी. ज्या घरांत चीन नकाशावर कुठं आहे हे माहीत नव्हतं, त्या घरांतही कोटणीस हे नाव पोहोचलं.

चीनमध्ये शिजियाझुआंग शहरात त्यांचं स्मारक झालं. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटायची प्रथाच पडली. भारत आणि चीनमध्ये मैत्री असो की भांडण, कोटणीस हे एक नाव दोन्हीकडं आदरानं घेतलं जात राहिलं.

आणि नेमक्या याच आदरामुळं ते नाव सुयांपर्यंत पोहोचलं.

सुया आणल्या बसूंनी

तारखा नीट लावून बघू.

कोटणीस गेले १९४२ च्या डिसेंबरमध्ये. त्यानंतर १९४४-४५ च्या सुमारास येनानमध्ये आधुनिक डॉक्टरांनी पारंपरिक वैद्यांकडून सुया टोचायला शिकावं असा आग्रह सुरू झाला. कारण साधं होतं, औषधं नव्हती आणि सुया स्वस्त होत्या. १९४५ मध्ये येनानच्या शांतता रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा वेगळा दवाखानाही निघाला.

चीनमध्ये नवी राजवट आल्यावर या उपचाराला सरकारी पाठबळ मिळालं. १९५८ मध्ये शांघायच्या एका रुग्णालयात भुलीच्या औषधाऐवजी सुया टोचून टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. पुढं मोठी ऑपरेशनं करून बघायला सुरुवात झाली. तेव्हा एक अडचण आली. सुई टोचून भागत नाही, ती सतत फिरवत राहावी लागते. दोन-तीन तासांचं ऑपरेशन असेल तर फिरवणाऱ्याचे हात गळून जातात. म्हणून सुयांना बॅटरीवरच्या छोट्या यंत्राची वायर जोडली. हाताचं काम करंट करू लागला. आज आपण बघतो त्या इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरचा प्रसार इथून झाला.

त्याच सुमारास कोटणीसांचे जुने सोबती डॉ. बसू पुन्हा चीनला गेले होते. आघाडीवरून ते १९४३ मध्ये भारतात परतले होते. या खेपेला त्यांनी ॲक्युपंक्चर शिकून घेतलं आणि १९५९ पासून कोलकात्यात ते सुरू केलं. भारतात आधुनिक काळातल्या ॲक्युपंक्चरची सुरुवात बहुतेक ठिकाणी इथूनच मोजली जाते.

बसूंनी स्वतःचं नाव पुढं केलं नाही. पाच जण गेले, एक परत आला नाही. त्या एकाच्या नावानं समिती चालली आणि त्या समितीच्या माणसांकडून हा उपचार पुढं पसरला. लुधियानाच्या हॉस्पिटललाही तेच नाव मिळालं.

म्हणजे कोटणीसांचं नाव पाटीवर आहे ते एका मित्रानं मित्राची आठवण ठेवली म्हणून. त्यांनी ही पद्धत तपासून पाहिली होती म्हणून नाही.

यात कुणाची फसवणूक नाही. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात घोटाळा होतो. इतका मोठा माणूस या उपचाराशी जोडलेला आहे म्हटल्यावर उपचार खात्रीचाच असणार, असं आपल्याला वाटतं. उपचार खात्रीचा आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा विचारावा लागतो.

मग करंटनं वेदना खरंच कमी होते का?

करंटनं दुखणं घालवायची कल्पना जुनी आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीला आणि पायाच्या संधिवाताला समुद्रातला वीज मारणारा मासा लावायला सांगायचा. माशाच्या झटक्यानं पाय बधिर झाला की दुखायचं थांबायचं. सुयांना वीज जोडायचा पहिला प्रयोगही चीनमधला नाही, फ्रान्समधला आहे. सार्लांदिएर नावाच्या डॉक्टरनं १८२५ मध्ये तो लिहून ठेवला.

पण हे का होतं याचं पटणारं उत्तर मिळायला १९६५ साल उजाडलं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी एक कल्पना मांडली. तिला गेट कंट्रोल थिअरी म्हणतात.

सोप्या भाषेत सांगायचं तर, कोपर दाराला आपटलं की आपण पहिल्यांदा काय करतो? चोळतो. चोळलं की बरं वाटतं. कारण वेदनेचा निरोप बारीक मज्जातंतूंतून सावकाश जातो आणि स्पर्शाचा निरोप जाड मज्जातंतूंतून वेगानं जातो. दोघांना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून वर मेंदूकडं जायचं असतं. तिथं एक फाटक आहे असं समजा. स्पर्शाची गर्दी झाली की फाटक वेदनेसाठी थोडं लोटलं जातं.

पट्ट्यांची मशीन, जिला टेन्स म्हणतात, ती हेच चोळायचं काम विजेनं करते. सेकंदाला साधारण ८० ते १२० ठोके दिले की मुंग्या येतात आणि फाटक लोटलं जातं. सेकंदाला दोन-चार असे सावकाश पण जोरकस ठोके दिले की स्नायू फडफडतो, आणि त्यातून शरीर स्वतःचीच वेदनाशामक रसायनं सोडतं असं प्रयोगांत दिसलंय. बीजिंगचे हान जिशेंग यांनी १९६५ पासून सुया आणि करंटवर याच अंगानं संशोधन केलं. वेगवेगळ्या वेगाच्या करंटला शरीर वेगवेगळी रसायनं सोडतं, हे त्यांनी दाखवलं.

म्हणजे हा निव्वळ भास नाही. पण जाहिरातीत सांगतात तेवढा चमत्कारही नाही.

टेन्सवर शेकडो चाचण्या झाल्यात. त्या सगळ्या एकत्र करून बघितल्या तर मशीन चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच वेदना कमी जाणवते असं दिसतं. मात्र बऱ्याच चाचण्या छोट्या आहेत आणि हा आराम महिनोन्महिने टिकतो असं त्यातून ठामपणे म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाईस या संस्थेनं तर कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असाच सल्ला दिलाय. व्यायाम करा, हिंडत-फिरत राहा, हे त्यांनी वर ठेवलंय.

सुयांच्या भुलीचंही तसंच झालं. १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी त्यावर लिहिल्यावर सुयांनी भूल देतात अशी हवा जगभर झाली. प्रत्यक्षात त्यांचं ऑपरेशन भुलीचं इंजेक्शन देऊनच झालं होतं. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातली कळ कमी करायला. पुढं चीनमध्येही सुया बहुतेक वेळा औषधांच्या जोडीनंच वापरल्या जाऊ लागल्या.

मशीन लावायच्या आधी एवढं बघा

पहिलं, ही मशीन कुणी लावू नये? हृदयात पेसमेकर असलेल्यांनी अजिबात नाही. गरोदर बाईनं पोटावर, कमरेवर स्वतःच्या मनानं नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर आडवा, डोळ्यांवर कुणीच नाही. जखमेवर नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल तर त्या जागी नाही. फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

शुगर असलेल्यांनी विशेष जपावं. पाय बधिर झालेला असेल तर करंट किती वाढलाय ते कळत नाही आणि कातडी भाजू शकते.

दुसरं, सुया घरी करायचं काम नव्हे. सुई नवी, सीलबंद आणि एकदाच वापरायची असली पाहिजे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली कौन्सिलही आहे. टोचणाऱ्याची नोंदणी आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भिंतीवर कुणाचा फोटो लावलाय, ही नोंदणी नव्हे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वेदना हा निरोप असतो. करंट निरोप थांबवतो, निरोप कशाचा होता ते सांगत नाही. कंबरदुखीसोबत पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

पुन्हा उसाच्या फडात

दिवाळीच्या आसपास आपल्याकडं उसतोड सुरू होते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. बाईला हे सगळं करून पुन्हा कोपीवर चूल पेटवायची असते. तिची कंबर दुखते, कारण तिच्यावर रोज ओझं पडतं.

अशा बाईला कुणी एक डबी आणून दिली आणि सांगितलं की हे लाव, दुखायचं थांबेल, तर तासभर थांबेलही. रात्री तिला झोप लागली तर ते कमी नाही. गोळ्या खाऊन खाऊन पोट आणि किडनी खराब होण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं. पण दुसऱ्या दिवशी ती परत तीच मोळी उचलणार असेल, तिला सुट्टी नसेल, डॉक्टर नसेल, तपासणी नसेल, तर तिच्यासाठी विनाऔषध या शब्दाचा अर्थ त्या सैनिकाच्या अर्थाच्या जवळ जातो. तिनं औषध नाकारलेलं नाही. तिच्यापर्यंत उपचारच पोहोचलेला नाही.

कोटणीसांच्या आयुष्यातून काही घ्यायचंच असेल तर ते इथं आहे. त्यांनी वेदनेवरचा कुठला जादूचा उपाय शोधला नाही. ज्या ठिकाणी उपचार पोहोचत नव्हता, तिथं ते स्वतः गेले आणि तिथंच राहिले. रुग्णालय हलवत नेलं, पोरांना शिकवलं, आपल्यानंतर काम चालू राहील अशी माणसं तयार केली.

त्यांचा मुलगा यिनहुआही डॉक्टरकी शिकत होता. शिक्षण पुरं व्हायच्या आधीच, १९६७ मध्ये तो गेला. पत्नी गुओ छिंगलान भारतात अनेकदा येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये चीनमध्ये त्यांचं निधन झालं. सोलापुरातल्या कोटणीसांच्या राहत्या घराचं आता स्मारक झालंय. साताऱ्याहून, सांगलीहून एका दिवसात जाऊन येता येतं. पंढरपूर, अक्कलकोटला जाणं झालं की वाट थोडी वाकडी करून बघून या.

आणि करंटची मशीन घ्यायची असेल तर जरूर विचार करा. फक्त ती कुणाच्या नावानं विकली जातेय यापेक्षा आपल्याला नेमकं काय झालंय, हे आधी एखाद्या डॉक्टरकडून समजून घ्या.